गुलामाचं काय झालं?

"पण मावशी, त्याच्या साखळ्या काढल्या का?"

मे महिन्यातली रात्र. साडेदहा वाजून गेले होते, खिडकी सताड उघडी असूनही वारं म्हणून येत नव्हतं, आणि पंख्याची घरघर आता कानांना कळेनाशी झाली होती. भाची सुट्टीत आमच्याकडे आली की रात्री गोष्ट ठरलेली. यंदा मी 'ॲलिस इन वंडरलँड' काढली होती. पुस्तकात बारा प्रकरणं, म्हणून बारा रात्री. पुस्तक इंग्रजी आणि सांगणं मराठीतून. त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी डोळ्यांनी वाचायचं, मनात उलटंसुलटं करायचं आणि मग तोंडाने सांगायचं, अशी कसरत चाललेली. त्या रात्री बारावं प्रकरण संपलं. ॲलिसचं डोकं बहिणीच्या मांडीवर, चेहऱ्यावर पडलेली झाडाची वाळकी पानं बहीण हलक्या हाताने बाजूला करतेय, चहाची वेळ झालीय. गोष्टीच्या शेवटी आमच्याकडची मोठी माणसं आवाज खाली आणायची, तसा मीही आणला. साठा उत्तरांची कहाणी सुफळ संपूर्ण, एवढं म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"कुणाच्या साखळ्या?" मी विचारलं.

"बदामच्या गुलामाच्या. तो उभा होता ना कोर्टात. दोन शिपाई होते बाजूला."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. हे पुस्तक मी पंधरावीस वेळा तरी वाचलं असेल. कॉलेजात असताना त्यातला खटला मला जवळजवळ पाठ होता. पाव आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून साक्ष द्यायला आलेला टोपीवाला, मिरपुडीचा डबा घेऊन आलेली स्वयंपाकीण, पाट्यांवर खरडणारी ज्युरी, सगळे मला दिसायचे. ज्याच्यावर खटला चालला होता, तो माणूस मात्र मी कधी पाहिलाच नव्हता. पानं मागेपुढे केली. साखळ्या काढल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. अकराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो साखळदंडात राजाराणीसमोर उभा असतो, एवढंच. बाराव्याच्या शेवटी ॲलिस जागी होते, पत्ते उडतात, आणि त्याच्याबद्दल एक अक्षरही येत नाही. मी म्हटलं, "अगं, ते स्वप्न होतं ना." भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. ते उत्तर तिला पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

ती झोपल्यावर मी बराच वेळ जागी होते. आपल्या मराठी पत्त्यांत त्याला गुलाम म्हणतात. मीही बारा रात्री तेच म्हणत आले, कारण बदामची राणी म्हटली की बदामचा गुलाम आपोआप तोंडात येतो. इंग्रजीत त्या पानाला नेव्ह म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ पोरगा. पोरग्याचा पुढे पोऱ्या झाला, घरात वरकाम करणारा, आणि पोऱ्याचा होत होत लबाड, बदमाश झाला. शतकानुशतकं लोक एक शब्द वापरत राहिले आणि नोकराचा चोर झाला, कुठलाही खटला न चालता. मराठीत ही गोष्ट सांगताना ते उलटं फिरतं. गुलाम म्हटलं की तो चोर वाटत नाही. वाटतो तो एका मोठ्या घरातला, मालकिणीच्या हुकमात राहणारा माणूस, ज्याच्यावर खाण्याची वस्तू चोरल्याचा आळ आला आहे. भाचीने गोष्ट इंग्रजीतून ऐकली असती तर तिने तो प्रश्न विचारला असता का, हे मला सांगता येणार नाही.

खटल्याआधी तो एकदाच दिसतो, राणीच्या मिरवणुकीत. किरमिजी मखमलीच्या उशीवर राजाचा मुकुट ठेवून तो चालत असतो. राणी ॲलिसकडे बोट दाखवून त्याला विचारते, ही कोण? तो नुसता वाकतो आणि हसतो. राणी म्हणते, मूर्ख! मग बागेतले माळी पालथे पडलेले असतात, त्यांना उलटं करण्याचा हुकूम होतो. तेव्हा तो हे काम एका पायाने करतो, पण फार जपून. हे "फार जपून" मी इतक्या वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. खाली पडलेले माळीही पत्तेच आहेत, त्याच गड्डीतले. त्यांना लाथ लागू नये म्हणून जपणारा हा एवढा एकच माणूस त्या मिरवणुकीत आहे. आणि पुढच्या वेळी तो दिसतो तो साखळदंडात.

ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली ती 4 जुलै 1862 रोजी, ऑक्सफर्डजवळ नदीत, होडीत. चार्ल्स डॉजसन, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला लुईस कॅरल, क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. कॉलेजाचे प्रमुख, डीन लिडेल यांच्या तीन मुली होडीत होत्या, त्यातली ॲलिस दहा वर्षांची. तिच्या हट्टावरून त्याने ती लिहून काढली आणि स्वतः चित्रं काढलेली हस्तलिखित वही 1864 च्या नोव्हेंबरात तिला भेट दिली. त्या वहीत हा खटला अगदी चिमुकला आहे. टोपीवाला नाही, मिरपूडवाली नाही, पत्र नाही. आरोप वाचला जातो, राजा म्हणतो आधी पुरावा मग शिक्षा, राणी म्हणते आधी शिक्षा मग पुरावा, ॲलिस ओरडते, आणि संपलं. 1865 साली पुस्तक छापायच्या वेळी डॉजसनने याची दोन अख्खी प्रकरणं केली. होडीतल्या मुलींना जो खटला दोन घोटांत पाजला होता, तो छापताना त्याला एवढा वाढवावासा का वाटला असेल? एक गोष्ट मात्र आहे. पुस्तक उघडल्यावर चित्रकार टेनिएलचं जे पहिलं चित्र समोर येतं, ते सशाचं नाही, बिळाचंही नाही. राजाराणी सिंहासनावर आणि समोर उभा केलेला गुलाम, असं ते चित्र आहे. म्हणजे ॲलिस बिळात पडायच्या आधीच वाचणाऱ्याने त्याला आरोपी म्हणून पाहिलेलं असतं.

आरोप कसला, तर एक बालगीत. कोर्टाचा भालदार झालेला पांढरा ससा तीनदा तुतारी फुंकतो आणि गुंडाळी उलगडून वाचतो, की बदामच्या राणीने उन्हाळ्याच्या एका दिवशी टार्ट, म्हणजे गोड सारणाचे भाजलेले पदार्थ, केले आणि बदामच्या गुलामाने ते पळवले. झालं. राजा लगेच ज्युरीला म्हणतो, निकाल द्या. ससा घाईघाईने थांबवतो, अजून बरंच व्हायचंय. हे गाणं इंग्लंडमधल्या मुलांना तोंडपाठ होतं, 1782 पासून ते छापलेलं मिळतं. त्याला पुढचं एक कडवं आहे. त्यात राजा गुलामाला बेदम मारतो, आणि गुलाम टार्ट परत आणून देतो आणि पुन्हा चोरी करणार नाही म्हणून शपथ घेतो. ससा ते कडवं वाचत नाही. पण कोर्टात बसलेल्या आणि पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे. गुलामाचं प्राक्तन गाण्यातच ठरलेलं आहे. खटला उभा राहायच्या आधीच गावाला निकाल पाठ आहे.

पुराव्याचंही तसंच. शेवटी ससा एक कागद आणतो, नुकताच सापडला म्हणून. त्यात कविता असते. अक्षर गुलामाचं नाही. राजा म्हणतो, मग त्याने दुसऱ्या कुणाच्या अक्षराची नक्कल केली असणार. गुलाम म्हणतो, महाराज, मी हे लिहिलेलं नाही आणि मी लिहिलं असं कुणी सिद्धही करू शकत नाही, खाली सही नाही. राजा म्हणतो, सही नाही हे तर आणखीच वाईट. मनात काळंबेरं नसतं तर प्रामाणिक माणसासारखी सही केली असतीस. सगळे टाळ्या वाजवतात. आता यातून माणसाने सुटायचं कसं? सही असती तरी मेला, नाही तरी मेला. आणि ती कविता म्हणजे तो, ती, ते, त्यांनी, तिला, मला, अशी सर्वनामांची नुसती गुंतवळ. कोण कुणाबद्दल बोलतंय याचा पत्ता नाही. ॲलिस म्हणते, यात कणभरही अर्थ नाही. पण राजा एकेक ओळ घेतो आणि गुलामावर बसवून पाहतो. कवितेत "मला पोहता येत नाही" असं आहे. तुला पोहता येतं का? गुलाम खिन्नपणे मान हलवतो आणि म्हणतो, दिसतं का तसं? पुठ्ठ्याचा माणूस तो. अख्ख्या खटल्यात तो बोलतो तेवढंच. सहीबद्दल एकदा आणि हे एकदा. ही कविता डॉजसनने 1855 साली एका विनोदी साप्ताहिकात छापली होती, पुढे तीत बरेच फेरफार करून इथे घातली. गुन्ह्याच्या दहा वर्षं आधी पुरावा तयार होता.

दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींतून हवा तो अर्थ काढणारं कोर्ट म्हटलं की मराठी माणसाला 1908 चा जुलै आठवल्यावाचून राहत नाही. केसरीतले ते लेख मराठीत होते, मराठी वाचकांसाठी लिहिलेले होते, आणि मुंबईच्या हायकोर्टात ज्युरीसमोर आले ते इंग्रजी भाषांतर होऊन. टिळक दिवसेंदिवस उभं राहून एकेका शब्दाच्या छटेवर बोलत होते. नऊ ज्युरींपैकी सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. सहा वर्षं मंडाले. टिळकांना निदान बोलायला मिळालं आणि त्यांनी ते असं वापरलं की त्यांचे शेवटचे शब्द आज त्याच इमारतीत संगमरवरावर कोरलेले आहेत. गुलामाला कुणी विचारलंच नाही, की बाबा रे, तू त्या दिवशी कुठे होतास?

त्या काळच्या इंग्लंडात हे फारसं खटकलंही नसेल. 1836 सालापर्यंत तिथे गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषण करायची मुभा नव्हती. आणि आरोपीने स्वतः शपथेवर साक्ष द्यायची, ही सोय सरसकट मिळायला 1898 उजाडावं लागलं. पुस्तक आलं 1865 ला. तोवर समज असा, की जो सुटू पाहतोय तो खोटंच बोलणार, त्याला शपथ घालून आणखी पापात कशाला ढकला. म्हणजे कोर्टात सगळे बोलणार. टोपीवाला बोलणार, स्वयंपाकीण बोलणार, झोपेतला डॉरमाउस नावाचा उंदरासारखा प्राणीसुद्धा टार्ट काकवीचे असतात म्हणून बरळणार. ज्याच्या मानेवर कुऱ्हाड आहे तो सोडून.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती या सगळ्यामुळे नाही. टार्टमुळे.

भाचीला टार्ट कळतात, तिच्या घराजवळच्या बेकरीत मिळतात. तरी सांगताना माझ्या तोंडून पहिल्याच रात्री करंज्या गेलं होतं आणि मग तेच राहिलं. राणीने करंज्या केल्या, गुलामाने करंज्या पळवल्या. शब्द काय निवडावा हे आपल्या हातात असतं असं वाटतं, पण ते खरं नसतं. पुस्तक मिटून मी अंधारात पडले आणि साताऱ्याचं आमचं जुनं घर डोळ्यांसमोर आलं. मी भाचीपेक्षा थोडी मोठी असेन, नऊ-दहा वर्षांची. दिवाळीच्या आदले दिवस. स्वयंपाकघरात रॉकेलच्या स्टोव्हचा भस्स आवाज, तुपाचा वास, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या पाऱ्या, आणि काकूच्या हातातली कातण कडेने फिरताना होणारी ती बारीक कटकट. सारणात खसखस भाजून घातलेली. आजी करंज्या मोजून पत्र्याच्या उंच डब्यात रचायची, प्रत्येक थरावर कागद. त्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी डबा उघडला तर वरचा एक थर गायब.

भांडी घासायला एक बाई यायच्या, त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी. माझ्याच वयाची. ती परसात भांडी विसळायची, अंगण झाडायची. तिला माजघरात बोलावलं. आजी पाटावर, काकू दाराशी, बाबा पेपर घेऊन झोपाळ्यावर, तिची आई हातातला राखेचा चिंधा तसाच धरून उंबऱ्याबाहेर. मी खांबाला टेकून. आजीचा आवाज चढलेला नव्हता, ती कधी ओरडायची नाही. "खरं सांगितलंस तर मी काही करणार नाही," ती म्हणाली, "नाहीतर उद्यापासून दोघीही येऊ नका." मुलगी म्हणाली, "म्या न्हाई घेतल्या." एवढंच म्हणाली. मग आजी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तू होतीस ना दुपारी घरात, तू पाहिलंस का काही?

मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

मला माहीत होतं. ती दुपार मी आणि ती माळ्याच्या जिन्याखाली बसून बदाम-सात खेळत होतो. मी तिला खेळायला शिकवलं होतं आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली होती. सत्ते लावून झाले की ती पानं अशी दाबून धरायची की माझं सगळं अडायचं. जेवणं झाल्यापासून तिच्या आईची हाक येईपर्यंत ती माझ्यासमोर होती. स्वयंपाकघराकडे ती गेलीच नव्हती. पण दुपारी मी शुद्धलेखन करायचं होतं, आणि कामाच्या पोरीबरोबर पत्ते खेळत बसायचं नव्हतं, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यामुळे मला काही माहीत नव्हतं. आजी हे ऐकून काकूकडे वळली आणि म्हणाली, "बघा, हिला तर काही ठाऊकच नाही. मग राहिलं कोण?"

पुस्तकात राजा ॲलिसला विचारतो, तुला या प्रकरणाबद्दल काय माहीत आहे? काही नाही. काहीच नाही? काहीच नाही. हे फार महत्त्वाचं आहे, राजा ज्युरीला सांगतो. ससा हळूच सुचवतो, बिनमहत्त्वाचं म्हणायचंय ना महाराजांना. मग राजा स्वतःशीच पुटपुटत बसतो, महत्त्वाचं, बिनमहत्त्वाचं, महत्त्वाचं, बिनमहत्त्वाचं, कुठला शब्द कानाला बरा लागतो ते बघत. ज्युरीतले काही जण पाटीवर एक लिहितात, काही दुसरं. कॉलेजात आम्ही या जागेवर पोट धरून हसायचो. मी कधी ही जागा आणि ते माजघर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. ॲलिसला खरोखरच काही माहीत नव्हतं.

ती मुलगी माझ्याकडे पाहत होती का? मला आठवतं ते तिच्या पायांचं. ती एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासत उभी होती, आणि ओल्या पायांचे शहाबादी फरशीवर दोन डाग पडले होते. एक गोष्ट मात्र मला आजही उलगडत नाही. तिने स्वतःहूनही सांगितलं नाही की मी हिच्यासंगं खेळत होते. सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की मला ओरडा बसेल म्हणून? बाबांनी पेपरातून मान वर करून "जाऊ दे ना आई, करंज्याच त्या," म्हटलं. त्यांनी चांगुलपणानेच म्हटलं. पण त्या वाक्याने तर चोरी पक्कीच झाली.

त्या दोघी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. भाऊबीजेला पुण्याहून आत्या आली तेव्हा तिला द्यायला म्हणून आजीने फडताळातून स्टीलचा डबा काढला, आणि तो उघडताच काकू चमकून म्हणाली, "अहो, या तर त्याच." आजीनेच आत्यासाठी वरचा थर काढून बाजूला ठेवला होता आणि विसरली होती. सत्तरीची होती ती. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कुणीतरी जाऊन सांगायला हवं." सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं. तुळशीच्या लग्नापर्यंत नवी बाई लागली होती.

पुस्तकातल्या कोर्टातही टार्ट कुठे गेलेले नसतात. खटला सुरू होताना ते एका मोठ्या ताटात, कोर्टाच्या मधोमध, टेबलावर ठेवलेले असतात. इतके छान दिसतात की ॲलिसला भूक लागते आणि वाटतं, हा खटला लवकर उरकून खाणं वाटायला घेतील तर बरं. शेवटी ॲलिस कवितेतली "ते त्याच्याकडून तुझ्याकडे परत आले" ही ओळ पुढे करते आणि राजा विजयाने टेबलाकडे बोट दाखवतो, हे बघा, इथेच तर आहेत! चोरीला गेलेली वस्तू समोर आहे, हाच राजाला चोरीचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. आमच्याकडे तसं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे डबा उघडल्यावर सगळे गप्प झाले आणि आत्याने करंज्या पुण्याला नेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाचीला एक उत्तर देऊन पाहिलं. मी रात्री शोधून ठेवलं होतं. ग्रिफन, तो गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या अंगाचा प्राणी, ॲलिसला सांगतो ना, की राणी नुसतीच ओरडते, प्रत्यक्षात कुणाचंच डोकं उडवत नाहीत. आणि क्रोके या चेंडूच्या खेळाच्या मैदानावर राणीने ज्यांना शिक्षा सुनावली त्या सगळ्यांना राजा मागून हळू आवाजात म्हणतो, तुम्हा सगळ्यांना माफ केलं. म्हणजे गुलामालाही माफ केलं असणार. भाची फ्रिजमधून काढलेली कैरी मीठ लावून खात होती. तिने थोडा विचार केला. "पण माफ केलं म्हणजे त्याने चोरल्या असंच ना?" ती म्हणाली. "त्याने चोरल्याच नव्हत्या."

यावर माझ्याकडे काही नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला हे समजतं, आणि आपल्याकडे जामिनावर सुटून आलेल्या माणसाला सोयरीक मिळत नाही. तुरुंगात निकालाची वाट बघत बसलेल्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते. सव्वाचार लाखांहून जास्त माणसं. त्यातले कित्येक निर्दोष सुटतील, पण मधल्या वर्षांत त्यांचं शेत, नोकरी, लग्न, मुलांची शाळा यांचा निकाल लागून गेलेला असेल. आधी शिक्षा, मग निकाल, असं राणी ओरडते आणि ॲलिस तिला म्हणते, काहीतरीच काय! हे वाक्य मी पूर्वी वेडेपणाचं टोक म्हणून वाचायचे. आता मला ते साध्या वर्णनासारखं वाटतं.

ॲलिसवर माझा राग नाही. तिने जे केलं ते त्या दरबारात दुसऱ्या कुणी केलं नाही. बेचाळिसावा नियम राजाने जागच्या जागी वहीत लिहिला, मैलभराहून उंच असलेल्यांनी कोर्ट सोडावं. तो पुस्तकातला सगळ्यात जुना नियम आहे म्हणाला. तेव्हा, मग त्याचा नंबर पहिला हवा होता, असं तिने तोंडावर सांगितलं आणि राजाचा चेहरा पांढरा पडला. तोंड बंद ठेव म्हटल्यावर, नाही ठेवणार, म्हणाली. पण हे सगळं ती म्हणू शकली तेव्हा ती पुन्हा आपल्या पुऱ्या उंचीची झाली होती. त्याच कोर्टात थोड्या वेळापूर्वी, लहान असताना, ती नुसती बसून बघत होती. गिनीपिगने आनंदाने आरोळी ठोकली म्हणून त्याला पोत्यात उलटं घालून वर बसले, तेव्हा ती मनात म्हणाली, पेपरात वाचलेल्या त्या वाक्याचा अर्थ आता कळला. आणि शेवटी, तुम्ही काय, नुसते पत्तेच, असं म्हणून ती निघाली ती थेट बहिणीच्या मांडीवर. ते ठीकच आहे. मुलगी संकटातून सुटली. पण जाता जाता ती ज्यांना नुसते पत्ते म्हणाली, त्यात गुलामही होता.

मीही निघून आले. सातारा सुटलं, घर विकलं गेलं, आजी गेली.

त्या संध्याकाळी, भाचीचे वडील तिला न्यायला यायच्या आदल्या दिवशी, आम्ही पत्ते खेळलो. बदाम-सात. दोघींनी खेळायला तो काही फार रंगत नाही, पण मला तोच खेळायचा होता. खेळता खेळता मी तिला करंज्यांची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, मी काय म्हणाले तेही. ती पानं छातीशी धरून ऐकत होती. मला वाटलं, ती मला विचारेल की तू खोटं का बोललीस. तिने ते विचारलं नाही.

"तिचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिची वेणी आठवत होती, लाल रिबीन, एका कानात काडी घातलेली. पानं दाबून ठेवली की ती खालचा ओठ आत घ्यायची ते आठवत होतं. नाव नव्हतं. आमच्या घरात तिला बाईंची पोर म्हणत. मी तिला जिन्याखाली काहीतरी हाक मारत असेनच, दुपारभर खेळायचो आम्ही. काय हाक मारायचे? रात्री मी काकूला फोन लावला. काकू आता ऐंशीच्या पुढे आहे, पण डोकं लख्ख. तिला बाई आठवल्या, त्यांच्या हाताची भांडी कशी लखलखायची ते आठवलं, डबा उघडल्याचं आठवलं. मुलीचं नाव नाही. "पण त्या वर्षी सारण फार सुरेख जमलं होतं गं," ती म्हणाली.

सकाळी जायच्या गडबडीत भाचीने तिच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान फाडून मला दिलं. पुस्तकात ज्युरीतले प्राणी खटला सुरू व्हायच्या आधीच पाट्यांवर आपापली नावं लिहितात, निकाल लागेपर्यंत विसरू नये म्हणून, ते तिला फार आवडलं होतं. तिने पानावर वर एक बदाम काढला होता, लाल रंगात, आणि खाली पट्टीने आखलेली एक रेघ. "आठवलं की इथे लिही," ती म्हणाली, आणि रिक्षात बसली.

ते पान मी ॲलिसमध्ये ठेवलं आहे, बाराव्या प्रकरणाच्या शेवटी. रविवारी तिचा फोन येतो. शाळेचं, मैत्रिणींचं सगळं सांगून होतं आणि मग ती विचारते, आठवलं का?

"नाही अजून."

"मग पान टाकू नकोस हं."